देणाऱ्या हातांचा हिशोब
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



महिला सभासदांच्या वतीने दोन शब्द बोला, असं समितीने सांगितलं. मी विषय घेतला आहे पैशाचा. बायकांनी दुसऱ्यांसाठी खर्च केलेल्या पैशाचा.

आपल्या दिंडोरीवरून दर नवरात्रात वणीच्या वाटेने भाविक सप्तशृंगीला पायी जातात. गडावर देवीपर्यंतच्या साडेचारशेहून अधिक पायऱ्या बांधल्या त्या उमाबाई दाभाडे यांनी, १७१० च्या सुमारास. त्या कळवण तालुक्यातल्या अभोण्याच्या लेक आणि पुढे सेनापती झालेल्या खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी. आता ट्रॉली आली, तरी त्या पायऱ्या चढणारे आजही आहेतच.

चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आपण सर्वांनी पाहिला असेल. अहिल्यादेवींनी १७८० मध्ये काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं; देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. मला त्यांचा हिशोब फार मोलाचा वाटतो. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. दानधर्म चालायचा तो खासगीतून, म्हणजे स्वतःच्या हक्काच्या उत्पन्नातून.

कुणी म्हणेल, त्या मोठ्या घरच्या, होतं म्हणून दिलं. मग कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवा. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. त्यांच्या जेवणासाठी या माउलीने एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेच्या पायात त्यांचं सोनं आहे.

आता आपल्याकडे येते. इमारतीचे हप्ते भरताना किती घरांतल्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, ते इथे बसलेल्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. पावती मात्र फाटली ती घरच्या कर्त्याच्या नावाने! आणि भिशीचे पैसे उचलून शेजारणीच्या दवाखान्याला दिले, कुणाच्या मुलाची फी भरली, त्याची तर पावतीच नसते. देणारीने कधी मागितलीही नाही.

मी काही तक्रार करायला उभी नाही. पण अहिल्यादेवी देऊ शकल्या, कारण त्यांच्याकडे स्वतःचं म्हणता येईल असं काही होतं. लक्ष्मीबाईंकडे दागिने होते, ते संपल्यावर काहीच उरलं नाही. बाईच्या दानतीचं कौतुक करताना तिची ओंजळ रिकामी राहणार नाही, हेही आपणच बघायला हवं.

म्हणून एवढंच मागणं. ज्या घरात शेअर सर्टिफिकेटवर एकट्या पतीचं नाव आहे, तिथे रीतसर अर्ज आणि कागदपत्रं करून पत्नीचंही नाव लावा. पंचवीस वर्षांच्या जमाखर्चात राहून गेलेली ही नोंद यंदा करून घेऊ या.

 जय हिंद, जय महाराष्ट्र!