बचावाचा भार कोणावर?



मुख्य प्रशिक्षकाने आपल्या संघाच्या बचावात किती लक्ष घालावे, हा माझा विषय. त्यासाठी मी अमेरिकन फुटबॉल निवडला आहे. आपल्या कबड्डीत चढाई आणि पकड तेच सात खेळाडू करतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे कधी सुटा होऊन समोर येत नाही. अमेरिकेत एनएफएल या व्यावसायिक लीगने १९५० मध्ये खेळाडू बदलण्यावरची बंधने कायमची उठवली आणि आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, अशी दोन बिऱ्हाडे एकाच संघात थाटली गेली. प्रत्येकाचा स्वतंत्र कोऑर्डिनेटर म्हणजे त्या बाजूचा प्रमुख, त्याच्या हाताखाली स्वतंत्र प्रशिक्षक, स्वतंत्र बैठका. मुख्य प्रशिक्षक बहुधा यांपैकी एका बाजूतून वर आलेला असतो. मग दुसऱ्या बाजूकडे त्याने किती पाहावे? आणि तो बचावातूनच आला असेल, तर हात कुठे आखडता घ्यावा? माझे मत असे, की बचावाचे डाव त्याने पुकारू नयेत. पण बचावाला कोणत्या परिस्थितीत, किती वेळ आणि कोणाच्या हाताखाली उभे राहावे लागते, याची जबाबदारी मात्र पूर्णपणे त्याचीच आहे.

या मताचा सर्वांत भक्कम पुरावा २७ जानेवारी १९९१ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, आहे. न्यूयॉर्क जायंट्ससमोर बफेलो बिल्स होते. एकही क्षण वाया न घालवता, खेळाडूंचा घोळका न करता धडाधड डाव टाकणारा हा संघ आधीच्याच सामन्यात ५१ गुण करून आला होता. जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक बिल पार्सेल्स स्वतः याच संघाचे बचाव कोऑर्डिनेटर राहिलेले. बचावाचे ज्ञान त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी बचावाची आखणी त्यांनी आपले बचाव कोऑर्डिनेटर बिल बेलिचिक यांच्यावर सोपवली आणि ती आखणी भल्याभल्यांना वेडेपणाची वाटावी अशी होती: पुढची फळी विरळ करायची, मागे माणसे वाढवायची आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या बिल्सच्या थर्मन थॉमसला पळायचे तर पळू द्यायचे. थॉमस १३५ यार्ड पळाला. बेलिचिक यांना ते चालणार होते, कारण त्यांना भीती पासची होती. पार्सेल्स यांचे स्वतःचे योगदान दुसरीकडेच होते. त्यांनी आक्रमणाला चेंडू हातात धरून ठेवायला लावले. तिसऱ्या सत्रातली एकच चढाई साडेनऊ मिनिटे चालली. अख्ख्या सामन्यात चेंडू जायंट्सकडे ४० मिनिटे ३३ सेकंद होता, म्हणजे बिल्सच्या वाट्याला वीस मिनिटेही आली नाहीत. जायंट्स २०-१९ असे जिंकले. शेवटी बिल्सची ४७ यार्डांवरून मारलेली किक बाहेर गेली, हे नशीब म्हणा. पण सामना एका किकेवर येऊन ठेपावा, ही परिस्थिती दोघांनी मिळून घडवली होती. बचावाला सर्वांत मोठी मदत मुख्य प्रशिक्षकाने आक्रमणाच्या हातून केली. दोन्ही बाजूंना हुकूम देऊ शकणारा माणूस संघात एकच असतो, म्हणून हे काम दुसरा कोणी करूच शकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. १९८५ च्या शिकागो बेअर्सचे काय? तिथे मुख्य प्रशिक्षक माइक डिटका आणि बचाव सांभाळणारे बडी रायन यांच्यात विस्तव जात नव्हता. रायन डिटकांच्या आधीपासून तिथे होते. त्यांना ठेवा म्हणून बचावातल्या खेळाडूंनीच मालक जॉर्ज हॅलास यांना पत्र लिहिले होते. रायन यांच्या राज्यात डिटकांना फारसा शिरकाव नव्हता, आणि तरी तो बचाव इतिहासातल्या सर्वोत्तमांपैकी एक ठरला, सुपर बोल ४६-१० असा जिंकला. मग संपूर्ण स्वायत्तताच उत्तम नव्हे काय? मला हे पटत नाही. त्या हंगामात बेअर्स एकच सामना हरले, मायामीविरुद्ध. पास झेलणाऱ्या मायामीच्या चपळ नॅट मूरवर मधल्या फळीतला लाइनबॅकर ठेवू नका, मागच्या फळीतला जादा खेळाडू आणा, असे डिटकांचे म्हणणे होते. रायन यांनी ते मानले नाही, आणि मध्यंतराला प्रकरण जवळजवळ हातघाईवर आले. डिटकांची शंका रास्त होती, पण ती सोमवारी किंवा मंगळवारी विचारता येईल अशी जागाच त्या संघात उरली नव्हती. आठवडाभर ज्याला बचावाच्या खोलीत स्थान नाही, त्याच्यापाशी रविवारी फक्त आरडाओरडा शिल्लक राहतो. शिवाय पुढच्या वर्षी रायन फिलाडेल्फियाला गेले, व्हिन्स टोबिन आले आणि १९८६ च्या बेअर्सनी १९८५ पेक्षाही कमी गुण दिले: १९८ च्या जागी १८७. खेळाडू बहुतेक तेच, पण त्या बचावाचे श्रेय ज्या एका माणसाच्या स्वायत्ततेला दिले जाते, तो गेल्यावरही तो बचाव ढासळला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याला बचाव कळतो, त्याने ते ज्ञान ऐन सामन्यात का वापरू नये? इथे घड्याळाकडे पाहावे लागते. दोन डावांमध्ये ४० सेकंद असतात. २००८ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. म्हणजे डाव ठरवून सांगायला जेमतेम २५ सेकंद. त्याच २५ सेकंदांत टाइमआउट, पंचांच्या निर्णयाला आव्हान, चौथ्या प्रयत्नाचा विचार, हे सगळे मुख्य प्रशिक्षकासमोर उभे असते. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये अटलांटा फाल्कन्स न्यू इंग्लंडविरुद्ध २८-३ असे पुढे असूनही हरले. त्यांचे मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन यांनी हंगामाच्या उत्तरार्धात बचावाचे डाव स्वतःकडे घेतले होते. २८-२० असताना, पाचेक मिनिटे बाकी असताना, चेंडू न्यू इंग्लंडच्या २२ यार्डांवर होता. चेंडू घेऊन पळायचे, वेळ खायचा, फील्ड गोल मारायचा. त्याऐवजी आक्रमणाने पासचा डाव टाकला, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक मागे पाडला गेला, मग दंड झाला आणि फील्ड गोलचे अंतर हातचे गेले. त्या सामन्यात न्यू इंग्लंडने ९३ डाव खेळले, अटलांटाने ४६. दुप्पट राबलेला तो बचाव शेवटी उभाही राहू शकत नव्हता. क्विन डाव पुकारत होते म्हणूनच हे घडले, असे मी म्हणणार नाही; तेवढा पुरावा नाही. पण आपल्या बचावाला वाचवणारा त्या रात्रीचा सर्वांत मोठा निर्णय आक्रमणाच्या बाजूला होता आणि तो घ्यायला लावण्याचा अधिकार फक्त त्यांच्याकडे होता, एवढे निर्विवाद आहे.

तिसरा आक्षेप नोकरीचा. हरल्यावर हकालपट्टी मुख्य प्रशिक्षकाची होते, मग त्याने दुसऱ्यावर का विसंबावे? याचे उत्तर अँडी रीड यांच्या कारकिर्दीत आहे. हे आक्रमणाचे माणूस. फिलाडेल्फियात जिम जॉन्सन त्यांचा बचाव सांभाळत होते, तोवर बहुतेक हंगामांत संघ वर होता. २०११ मध्ये रीड यांनी आक्रमणाच्या लाइनचे प्रशिक्षक हुआन कास्टिलो यांनाच बचाव कोऑर्डिनेटर केले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना काढावे लागले, हंगाम ४-१२ असा संपला आणि रीड यांचीही नोकरी गेली. नंतर कॅन्सस सिटीत जानेवारी २०१९ मध्ये अतिरिक्त वेळेत न्यू इंग्लंडविरुद्ध त्यांच्या बचावाने तिसऱ्या प्रयत्नात दहा यार्ड तीनदा दिले आणि रीड यांच्या आक्रमणाला चेंडू शिवताही आला नाही. रीड यांनी बचावाचे डाव स्वतःकडे घेतले नाहीत. त्यांनी बॉब सटन यांना निरोप दिला, स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांना आणले आणि पुढच्या पाच वर्षांत तीन सुपर बोल जिंकले. दोन्ही ठिकाणी रीड तेच होते. बदलली ती निवड. बचावात मुख्य प्रशिक्षकाचा सर्वांत मोठा हस्तक्षेप असतो तो हा, आणि तो हंगाम सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो.

निवड केली की काम संपले, असे मात्र नाही. आठवड्यातून एकदा तरी बचावाच्या बैठकीत बसावे, समोरच्या संघाचे आक्रमण माझ्या हाती असते तर ही फळी मी कशी फोडली असती ते सांगावे, अवघड प्रश्न विचारावेत आणि उत्तर ऐकून उठावे. आक्रमणातून आलेल्या प्रशिक्षकाला हे विशेष चांगले जमते, कारण कोणत्या बचावाने आपल्याला छळले हे त्याला पाठ असते.

आपल्यापैकी अनेकजण संघटनांच्या निवड समित्यांवर आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. मुख्य प्रशिक्षक नेमताना त्याची स्वतःची विद्या जरूर तपासा. पण जी बाजू त्याची नाही ती तो कोणाच्या हाती देणार, का देणार आणि त्या माणसाशी मतभेद झाला तर कोणत्या दिवशी, कुठे बसून मिटवणार, हे नेमणुकीआधी विचारा. उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरा उमेदवार बघा.