खेळ संपल्यावर काय उरते?



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले आणि मजुरांच्या हजेरीपुस्तकावर पुष्कळ झाले. गेली तीसएक वर्षे बांधकाम मजुरांच्या संघटनेत काढली. जे काही वाचले ते रात्री, कचेरीचे दार लावून घेतल्यावर वाचले. तेव्हा विषयाची मांडणी शास्त्रशुद्ध होईल अशी हमी आम्ही देत नाही. पण जे सांगू ते पारखून घेतलेले असेल, एवढी खात्री बाळगावी.

आजचा प्रश्न साधा आहे. एखादे शहर जगातल्या खेळाडूंना बोलावते, आठ-पंधरा दिवसांचा मोठा सोहळा करते. पाहुणे परत गेल्यावर त्या शहरातल्या आणि देशातल्या माणसांच्या पदरात कायमचे असे काय पडते? दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचे उत्तर शोधावे असा आमचा विचार आहे.

महाराष्ट्रात 'एशियाड' म्हटले की पुष्कळांना खेळ आठवत नाहीत, एस.टी.ची गाडी आठवते. दिल्लीच्या त्या स्पर्धेवरून निमआराम गाड्यांना ते नाव पडले आणि 'एशियाडने आलो' हे आपल्या बोलण्यात रुळले. असे काही बाही मागे राहतेच. पण कायमचा लाभ म्हणजे तेवढाच काय?

असल्या स्पर्धांचे जे लाभ नेहमी सांगितले जातात ते तीन. पहिला इमारतींचा, दुसरा लौकिकाचा आणि तिसरा खेळाच्या प्रसाराचा. यांपैकी एकही खोटा नाही. १९ नोव्हेंबर १९८२ ला स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभे राहिले, इंद्रप्रस्थाजवळ छपराचे भव्य क्रीडागृह झाले, उड्डाणपूल झाले, सिरी फोर्टजवळ खेळाडूंसाठी वसाहत झाली. त्याच वर्षी दूरचित्रवाणी रंगीत झाली. पी. टी. उषा या तरुण मुलीने धावण्यात दोन रौप्यपदके मिळविली आणि खेड्यापाड्यांतल्या मुलींना धावावेसे वाटू लागले. आपल्या पुण्याजवळ बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी झाले. २००८ साली राष्ट्रकुलातील युवकांच्या स्पर्धा तेथेच भरल्या. त्या मैदानावर आजही मुले घाम गाळतात. याला आम्ही नाके मुरडणार नाही.

परंतु हिशेब करावयाचा तर पुरता करावा. जवाहरलाल नेहरू स्टेडियम अठ्ठावीस वर्षांनी, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी, प्रचंड खर्च करून जवळजवळ नव्याने उभारावे लागले. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराने १९७६ साली ऑलिंपिक भरविले आणि त्या स्टेडियमचे कर्ज फिटावयास २००६ साल उजाडले. म्हणजे खेळ पंधरवड्याचे आणि हप्ते तीस वर्षांचे! सिमेंट चिरकाल टिकते हा आपला भ्रम आहे. आम्ही सिमेंटच्या धंद्यातलीच माणसे आहोत म्हणून हे सांगतो. लौकिक तर सिमेंटाहून लवकर उडतो.

मग दिल्लीच्या स्पर्धेतून खरोखर टिकाऊ असे काय निघाले? आमचे उत्तर ऐकून काहींना नवल वाटेल. आमच्या मते त्या स्पर्धेचा सर्वांत टिकाऊ लाभ स्टेडियमात नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात आहे. ही हकीकत मजुरांच्या संघटनांबाहेर फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

ही सगळी बांधकामे वेळेत पुरी व्हावयास हवी होती. तारीख जगाला जाहीर झालेली. पाहुणे काही थांबणार नव्हते. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा भागांतून जमादारांनी मजुरांच्या टोळ्या आणल्या. जमादार म्हणजे आपल्याकडचा मुकादम. किमान वेतन दिवसाला नऊ रुपये पंचवीस पैसे होते. ते कंत्राटदार मजुराच्या हाती देत नसे, जमादाराच्या हाती देई. आणि जमादार प्रत्येक माणसामागे रोजचा एक रुपया आपली दलाली म्हणून कापून घेई. बायकांना सात रुपयेच मिळत, अशी तक्रार होती. चौदा वर्षांखालची मुलेही कामावर होती. परप्रांतीय मजुरांसाठी १९७९ साली खास कायदा झाला होता. पण दिल्लीत त्याचे नियम लागू व्हावयास १९८२ चा जून महिना उजाडला.

तीन समाजशास्त्रज्ञांनी कामाच्या जागी जाऊन ही पाहणी केली. तिच्या आधारे 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संस्थेने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले. मोठा अर्ज नव्हे, पत्र! न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. सरकारतर्फे आक्षेप निघाले, की तक्रार करणारी संस्था मजुरांची नव्हे. मजूर कंत्राटदाराचे आहेत, सरकारचे नव्हेत. आणि थोडीशी कमी मजुरी दिली तर तो मूलभूत हक्कांचा भंग कसा होतो?

येथे आमच्या धंद्यातल्या एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहणारा, माल कालवणारा जो मजूर, त्याला आपण 'बिगारी' म्हणतो. रोज म्हणतो, पण त्या शब्दात काय दडले आहे याचा विचार करीत नाही. बिगार म्हणजे वेठ. दाम न देता बळजबरीने करवून घेतलेले काम. पाटील-देशमुखांच्या काळात गावातल्या बलुतेदारांनी आणि महारा-मांगांनी ती पिढ्यान् पिढ्या वाहिली. आपल्या राज्यघटनेचा तेविसावा अनुच्छेद वेठबिगारीला मनाई करतो. घटनेच्या इंग्रजी मसुद्यातही हा शब्द आपल्या देशी रूपातच ठेवावा लागला, कारण साहेबाच्या भाषेत त्याला पुरता जोड शब्द नव्हता. मनाई घटनेत झाली आणि नाव मात्र मजुराच्या कपाळी राहिले!

सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करणारा माणूस राजीखुशीने काम करतो की वेठीने? १८ सप्टेंबर १९८२ रोजी न्या. भगवती आणि न्या. बहारुल इस्लाम यांनी निकाल दिला. त्याचा सारांश आमच्या शब्दांत असा: बळजबरी काही केवळ काठीची नसते, भुकेचीही असते. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याने अर्ध्या दामावर अंगठा उठविला, तर त्याला राजीखुशी म्हणता येत नाही. म्हणून किमान वेतनाहून कमी मजुरीवर करवून घेतलेले काम ही घटनेने मना केलेली वेठच होय. बांधकाम हे धोक्याचे काम आहे, तेव्हा चौदा वर्षांखालचे मूल तेथे लावता येणार नाही, यादीत त्या धंद्याचे नाव असो वा नसो. कंत्राटदार मध्ये घातला म्हणून सरकारची जबाबदारी सुटत नाही. गरिबांकरिता दुसऱ्याने दाद मागितली तरी ती ऐकली पाहिजे. आणि कायदा मोडणाऱ्यांना किरकोळ दंड करून सोडू नये, अशी समज न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांनाही दिली.

श्रोतेहो, निकाल लागला तेव्हा स्पर्धेला अवघे दोन महिने राहिले होते. कामे शेवटच्या टप्प्यात होती. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांतल्या फारच थोड्यांच्या पदरात त्याचे काही पडले असेल. तरी आम्ही त्याला टिकाऊ लाभ म्हणतो, ते का? त्याचे कारण पुढच्या चारच महिन्यांत दिसून आले.

राजस्थानात दुष्काळी कामावर रस्ता होत होता. कामावर बहुतेक बाया होत्या. दुष्काळी कामाला किमान वेतन कायदा लागू नाही, अशी सवलत त्या राज्याने १९६४ साली एक कायदा करून स्वतःला घेतली होती. संजित रॉय यांनी न्यायालयात दाद मागितली. २० जानेवारी १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या निकालाचा आधार घेऊन सांगितले, की माणसाच्या अडचणीचा फायदा सरकारलाही घेता येणार नाही. दुष्काळी काम झाले तरी किमान वेतन दिलेच पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वाक्याचे मोल सांगावयास नको. त्याच वर्षी डिसेंबरात फरिदाबादच्या दगडखाणींतील वेठमजुरांचा निकालही याच वाटेने गेला. पोहण्याच्या तलावावर आणि उड्डाणपुलावर राबलेल्या मजुराचे गाऱ्हाणे दूरच्या खडीच्या ढिगापर्यंत पोचले. जो लाभ आपल्या जागेपासून दूरवर जातो आणि कारण संपल्यावरही चालू राहतो, त्याला आम्ही टिकाऊ म्हणतो.

आता कोणी विचारील, निकाल झाला, पण पालन झाले का? विचारावेच. २०१० साली दिल्लीत पुन्हा राष्ट्रकुल स्पर्धा भरली. तोवर बांधकाम मजुरांच्या कल्याणाचा १९९६ चा कायदा झालेला होता, खर्चाच्या टक्क्याने उपकर गोळा होत होता. तरीही कमी मजुरी, नोंदणी नाही, राहावयास धड जागा नाही, अशा तक्रारी दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि न्यायालयाने नेमलेल्या समितीला त्यांत तथ्य आढळले. पैसा पेटीत आणि मजूर रस्त्यावर! हक्क कागदावर मिळाला म्हणजे तो हजेरीपुस्तकात आपोआप उतरत नाही. तो उतरवून घ्यावा लागतो.

तो उतरवून घेता येतो, याचेही दाखले आहेत. लंडनने २०१२ साली ऑलिंपिक भरविले. बांधकामाच्या आधीच तेथल्या अधिकारी मंडळाने कामगार संघटनांशी बोलणी करून करार केला. सुरक्षा ही कंत्राटाची अट केली. चाळीस हजारांहून अधिक माणसे त्या कामावरून गेली आणि ऑलिंपिक उद्यानाच्या बांधकामात एकही माणूस अपघाताने दगावला नाही. त्याआधी आठच वर्षांपूर्वी अथेन्सच्या तयारीत दहाहून अधिक कामगार प्राणास मुकले होते. तोच धंदा, तीच घाई. फरक पडला तो आधी ठरविलेल्या अटींनी. कतारचे उदाहरण याहून कडू आहे. २०२२ च्या फुटबॉल स्पर्धेसाठी तेथे राबलेल्यांत आपल्या देशाची माणसे फार मोठ्या संख्येने होती, आणि कित्येकांचे मृतदेहच घरी आले. जगभर ओरड झाली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची कचेरी तेथे उघडावी लागली, मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलण्याची मुभा मिळाली आणि मार्च २०२१ पासून दरमहा एक हजार रियाल हे किमान वेतन सर्व देशांच्या कामगारांना लागू झाले. पुरेसे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण जे झाले ते जगाची नजर तिकडे लागलेली होती म्हणून झाले.

आमचे म्हणणे येथे एकत्र येते. खेळांचा सोहळा आपण होऊन काही देत नाही. तो एक संधी देतो. एरवी ज्या मजुराकडे कोणी पाहत नाही, त्याच्या कामावर चार वर्षे साऱ्या जगाचे लक्ष असते आणि सरकारला अब्रूची काळजी असते. तेवढ्या काळात समाजाने जे हक्क पदरात पाडून घेतले, तेवढेच मागे उरतात.

ही संधी पुन्हा येत आहे. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला भरावयाची ठरली आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही आपल्या देशाची खटपट चालू आहे. नंदुरबार-धुळ्याकडची आदिवासी कुटुंबे कामासाठी गुजरातेत जातात हे आपण जाणता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. किमान वेतनाचा, कंत्राटी मजुरांचा, परप्रांतीयांचा आणि बांधकाम मजुरांचा असे जुने कायदे त्यांत विलीन झाले. त्या संहितांविषयी संघटनांचे आक्षेप आहेत. तो वाद आज येथे काढीत नाही. इतकेच म्हणतो, की कायदे बदलले तरी तेविसावा अनुच्छेद बदललेला नाही, आणि १९८२ साली त्याचा लावलेला अर्थही जाग्यावर आहे. तो जागता ठेवणे हे आपले काम.

मागावयाचे काय, तेही सांगतो. मजुरी मुकादमाच्या हाती न देता मजुराच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी. पहिल्या पाटीच्या आधी नोंदणी व्हावी. बाईला पुरुषाइतकाच दाम मिळावा आणि कामाजवळ पाळणाघर असावे. कामाची तपासणी करणाऱ्या मंडळात मजुरांचे प्रतिनिधी असावेत आणि तपासणीचा अहवाल दर महिन्याला छापून प्रसिद्ध व्हावा. यांतली एकही मागणी स्टेडियमच्या खर्चाच्या मानाने जड नाही.

यात आपला, म्हणजे शहरातल्या सुशिक्षित नागरिकाचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. १९८१ साली पत्र लिहिणारे मजूर नव्हते. ते आपल्यासारखेच वाचणारे, लिहिणारे, व्याख्यानांना जाणारे लोक होते. ते कामाच्या जागी गेले, त्यांनी मजुरांना विचारले, आकडे टिपून घेतले आणि पत्र टाकले. एवढेच केले. आपल्या शहरात आज जेथे जेथे पत्र्याचे कुंपण घालून इमारत उठत आहे, तेथे जाऊन 'बाई, हजेरी किती पडते?' एवढे विचारावयास कोणाची परवानगी लागत नाही. उत्तर मिळाले की ते लिहून ठेवा आणि आमच्याकडे किंवा आपल्याला विश्वास वाटेल त्या संघटनेकडे पाठवा. हे काम उद्यापासून करता येण्याजोगे आहे.