शेकोटीजवळची भाषा

गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद असताना आम्ही करंज्याच्या शेजाऱ्यांनी एक इंग्रजी सिनेमा पाहिला. १९९९चा ‘द थर्टीन्थ वॉरियर’. बगदादहून निघालेला इब्न फदलान ९२२ साली व्होल्गाकाठी उत्तरेकडच्या दर्यावर्दींना भेटला, हे खरं. पुढची नरभक्षकांशी लढाई मात्र मायकेल क्रायटनच्या कादंबरीतली.

तांडेलकाकांना वादळातली होडी आवडली. कॉलेजातली मुलं कुरकुरली, खालच्या इंग्रजी ओळी वाचायच्या की लढाई बघायची? शेजारच्या मावशींना त्या ओळी वाचता येत नाहीत. पण त्यांनीच नेमकं हेरलं. इब्न फदलान रात्रीमागून रात्री शेकोटीजवळ मुकाट बसून ऐकतो आणि एके रात्री, आईवरून टिंगल होताच, त्यांच्याच भाषेत उत्तर देतो!

मला कविसंमेलनांत विचारतात, “इतकं चांगलं मराठी कुठं शिकलात?” प्रश्न प्रेमाचा असतो, तरी बोचतो. घरी उर्दू होती. मराठी मला धक्क्यावर, जाळी विणणाऱ्यांत बसून मिळाली. हे मी मावशींना सांगितलं.

त्या म्हणाल्या, “त्यात विचारायचं काय? आमच्यातच तर बसलेला असायचास!”