पूल सुधारायचाय? स्नूकर खेळा

वडनेर भोलजी गावची पोरं शहरात शिकायला गेली की पूल खेळून बघतात. त्यांनी थोडे दिवस स्नूकरही खेळावा. हा खेळ काही परका नाही, १८७५ साली आपल्या जबलपूरच्या छावणीतच तो जन्मला.

स्नूकरचं टेबल १२ फुटी, पूलचं फार तर ९. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, म्हणजे पूलपेक्षा लहान. त्यात पॉकेट अरुंद, कडा गोलसर. नेम जरा हुकला की बॉल बाहेर! त्यामुळे क्यू सरळ चालवण्याची सवयच लागते आणि ती पूलमध्येही कामी येते. इंग्लंडची स्नूकर विश्वविजेती ॲलिसन फिशर १९९५मध्ये पूलकडे वळली आणि पुढच्याच वर्षी पूलच्या नाइन-बॉल प्रकाराची जगज्जेती झाली.

पूलचा दणदणीत ब्रेक, म्हणजे डाव सुरू करणारा फटका, मात्र स्नूकर शिकवत नाही. तो पूलच्या टेबलावरच घोटावा लागतो.