ग्रुप वर्गाचा, त्यात आवाज कुणाचा?

कुणी कामं आटोपून बसल्या असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज बोलू या मुलांच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि गावोगावी असे ग्रुप निघाले. 'असर' नावाची देशभरातल्या खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते. तिच्यात दिसलं, की २०१८ मध्ये शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हा आकडा ६१.८ टक्क्यांवर गेला. पुढे शाळा उघडल्या, तरी पुष्कळ ग्रुप चालूच राहिले. अभ्यास त्यावर येतो, सुट्टी त्यावर कळते, फॉर्म भरायची तारीखही त्यावरच येते. मग ज्या आईपर्यंत ग्रुप पोचत नाही, तिच्या लेकराचं काय?

आणि ग्रुपमध्ये नंबर असला, म्हणजे शाळेतल्या बाईंशी नातं जुळलं का? याचा अभ्यास झालेला आहे. आफ्रिकेत बोट्सवाना नावाचा देश आहे. तिथे शाळा बंद असताना संशोधकांनी सुमारे साडेचार हजार कुटुंबांचे गट पाडले. काही घरांना आठवड्याला गणिताचा एक मेसेज जायचा. काही घरांना मेसेज जायचा आणि शिकवणाऱ्या माणसाचा फोनही यायचा, पंधरा-वीस मिनिटांचा. आई-वडील आणि मूल, दोघांशी बोलणं व्हायचं. साध्या बटणाच्या फोनवरही हे जमत होतं. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. फोन आलेल्या घरची मुलं गणितात पुढे गेली. नुसता मेसेज गेलेल्या घरी म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पुढे भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्समध्येही हा प्रयोग झाला. तिथेही फोनवरच्या बोलण्याचा मुलांना चांगला फायदा झाला.

बायांनो, यात आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. निरोप पाठवणं वेगळं आणि विचारपूस करणं वेगळं. विहिरीवर बादली सोडली म्हणजे पाणी वर आलं असं नाही, दोर ओढावा लागतो. ग्रुपवर अभ्यास टाकला आणि वीस जणींनी अंगठा दाखवला, तर मुलाला काय आलं हे बाईंना कळत नाही. बाई एखाद्या मुलाचं नाव घेऊन विचारतात, मूल आपल्या आवाजात उत्तर पाठवतं, तेव्हा दोर ओढला जातो.

मग ग्रुपमध्ये गप्प बसणाऱ्या आया बिनकामाच्या का? मुळीच नाही. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांचं एक पुस्तक १९९१ मध्ये आलं. माणसं एकमेकांत राहून कशी शिकतात, हे त्यात आहे. त्यात मेक्सिको देशातल्या माया सुईणींचं उदाहरण आहे. सुईणीच्या घरची मुलगी आधी नुसती आसपास असते. मग निरोप नेते, वस्तू आणून देते. पुढे हाताखाली मदत करते आणि एक दिवस स्वतः सुईण होते. कडेला बसणं ही शिकण्याची पहिली पायरी आहे. पण कुणी तरी तिला 'ये, हे धर' म्हणावं लागतं. ग्रुपचंही तसंच आहे. गप्प बाईला कुणी हाक मारली, तरच ती पुढची पायरी चढते.

ही हाक मारायला आपण आहोतच. २०२२ मध्ये आपल्या राज्यात 'पहिले पाऊल' अभियान सुरू झालं. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट झाले. गटाची एक लीडर माता असते. मुलांकडून घरी करून घ्यायच्या छोट्या कृती मोबाईलवर येतात आणि आया मिळून त्या करतात. म्हणजे शाळा आणि घर यांच्यामध्ये बायकांचा गट उभा राहू शकतो.

आता आपणही एक छोटं संशोधन करू या. त्याला वही-पेन पुरे. पुढच्या महिनाभर वर्गाच्या ग्रुपवर लक्ष ठेवायचं आणि चार गोष्टी लिहायच्या. प्रश्न कोण विचारतं? उत्तर कोण देतं? कोणत्या मुलाचा आवाज एकदाही आला नाही? आणि त्या घरचा फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो?

चौथा प्रश्न फार महत्त्वाचा. फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री येतो, तोवर मूल झोपलेलं असतं. दोष कुणाचाच नाही, पण अभ्यास राहतो तो राहतोच. अशा घराला शेजारचं घर जोडून द्या. संध्याकाळी एक तास, एक फोन, दोन घरची मुलं. आपला नंबर ग्रुपवर द्यायला काही जणींना भीती वाटते. मग बाईंशी बोलून नियम ठरवा: ग्रुपवर फक्त शाळेचं, आणि कुणाचा नंबर बाहेर द्यायचा नाही.

महिना झाला की ती वही बचत गटाच्या बैठकीत वाचा, मग बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. तक्रार म्हणून नको, मदत म्हणून. त्यांच्याकडे कधी कधी दोन-दोन, चार-चार वर्ग असतात. कोणत्या पाच घरी फोन करायचा हे कळलं, तर त्यांचंही काम हलकं होईल.

वहीत काय सापडलं, ते आम्हाला जरूर कळवा. येतो आम्ही. रामराम!