पाठ्यपुस्तकाची परीक्षा



मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी फार थोडे पुढे मानसशास्त्रज्ञ होतात. कोणी बँकेत लागतं, कोणी शाळेत शिकवतं. त्यांच्या वाट्याला हा विषय आयुष्यभर एका पुस्तकापुरताच येतो. म्हणून त्या पुस्तकाची परीक्षा कडक हवी.

प्रत्यक्षात आपण काय पाहतो? आवृत्ती ताजी आहे का, अभ्यासक्रमातले घटक आलेत का, प्रकरणाच्या शेवटी प्रश्न आहेत का. हे पाहावंच. पण आतला मजकूर मूळ संशोधनाशी कोण ताडून बघतं?

‘छोटा अल्बर्ट’ घ्या. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केलेला हा प्रयोग 1920 साली छापून आला. अकरा महिन्यांच्या बाळासमोर पांढरा उंदीर सोडायचा आणि त्याच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणायचा. सात वेळा असं केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागलं.

बेन हॅरिस यांनी 1979 मध्ये पाठ्यपुस्तकं चाळली, तेव्हा गोष्टीला बरीच पालवी फुटलेली दिसली. कुठे बाळाचं वय चुकलेलं, कुठे उंदराचा ससा झालेला, कुठे मूळ प्रयोगात नसलेलं मांजर आलेलं. काही लेखकांनी तर शेवटी बाळाची भीतीही घालवून टाकली! मूळ लेखात तसं काही नाही. उपचार करण्याआधीच बाळाला रुग्णालयातून नेलं गेलं. भीती घालवण्याचा प्रयोग मेरी कव्हर जोन्स यांचा, 1924 चा, आणि तो पीटर नावाच्या वेगळ्याच मुलावर.

मूळ लेखात आणखी एक गंमत आहे. अल्बर्टने अंगठा तोंडात घातला की त्याची भीती मावळायची. चित्रीकरण करताना तो अंगठा पुन्हा पुन्हा बाहेर काढावा लागला. हा तपशील नेटक्या सिद्धान्ताला अडचणीचा असला, तरी विद्यार्थ्याला विचारात पाडणारा आहे.

सोलोमन ॲश यांच्या, रेषांची लांबी ताडून सांगायच्या प्रयोगाचीही तीच गत. सगळा गट ठरवून चुकीचं उत्तर देतो, मग एकटा माणूस काय करतो? ‘मान डोलावतो’ हे उत्तर आपल्याला पाठ आहे. आकडे पाहा: अशा फेऱ्यांतली जवळजवळ दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती आणि सुमारे चौथा हिस्सा माणसं एकदाही बधली नाहीत. झुकणाऱ्यांविषयी भरभरून लिहायचं आणि ठाम राहणाऱ्यांना गाळायचं, हा अर्धा हिशेब झाला.

हे होतं कसं? एक पुस्तक दुसऱ्यावरून लिहिलं जातं, दुसरं तिसऱ्यावरून. त्यात परीक्षेला सुटसुटीत उत्तर हवं असतं, म्हणून अडचणीचं ते गळतं. पहिलं पुस्तक सोपं असावं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण सोपं करताना निष्कर्षच बदलत असेल, तर ते पुस्तक नापास.

प्राध्यापक मित्रांनो, पुस्तक नेमण्याआधी त्यातली दोनच पानं उघडा, अल्बर्टचं आणि ॲशचं, आणि मूळ लेखाशी ताडून पाहा. पुढच्या वर्षी हेच काम विद्यार्थ्यांना द्या आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीला गुण द्या.