पदवी आणि काम



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी बालाघाटच्या कित्येक घरांत शिक्षण नेले. म्हणूनच आज एक अप्रिय प्रश्न मांडतो : मुले शिकली, पण त्या शिक्षणाला साजेसे काम कोठे आहे?

२०२१ च्या डिसेंबरात आपल्याच राज्यात, ग्वाल्हेर येथे, शिपाई, माळी, वाहनचालक, सफाई कामगार अशा १५ जागांसाठी सुमारे ११,००० उमेदवार आले. त्यांत पदवीधर होते, अभियंतेही होते. मुंबईस मंत्रालयाच्या उपाहारगृहातील १३ वाढप्यांच्या जागांसाठी २०१८ साली सुमारे ७,००० अर्ज आले. पात्रता होती चौथी उत्तीर्ण. अर्जदार बहुतांशी पदवीधर!

'मुले गरजेपेक्षा जास्त शिकली,' असे यावर म्हटले जाते. मला ते मान्य नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात सुशिक्षितांची संख्या शंभरपट वाढावी, मात्र त्यांनी चाकरीच्या मागे न लागता उपयुक्त व किफायतशीर उद्योग करावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. तिचा पूर्वार्ध आपण बऱ्याच अंशी साधला. उत्तरार्ध राहून गेला.

आपल्या जिल्ह्याकडेच पाहा. भरवेलीस मँगनीज निघते. मॉइलचे मुख्य कार्यालय नागपुरास. मलाजखंडास तांबे निघते; हिंदुस्थान कॉपरचे मुख्य कार्यालय कोलकात्यास. खनिज येथले, निर्णयाच्या खुर्च्या अन्यत्र. चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याची प्रतवारी, वेष्टन, विक्री यांत पदवीधराने शिरावे, असे अद्याप कोणाच्या घरी सहसा ठरत नाही. घरी ठरते ते एकच : आणखी एक पदवी, आणखी एक परीक्षा.

यात हानी दुहेरी आहे. पदवीधराची विद्या न वापरल्याने गंजते, हे सर्वांस दिसते. दुसरी हानी दिसत नाही. अर्ज वाढले की नेमणूक करणारा पदवीची चाळणी लावतो. तेव्हा बैहरच्या रानातून मोठ्या कष्टाने दहावीपर्यंत पोचलेला गोंड किंवा बैगा मुलगा, ज्याच्यासाठी ती शिपायाची जागा होती, मुकाट्याने रांगेबाहेर जातो. एम. ए. झालेला एक पायरी खाली उतरतो. दहावी झालेल्याला उभे राहण्यास पायरीच उरत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज दुकाने, गिरण्या, कार्यालये चालवीत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. दहावीच्या कामाला पदवी मागू नका. आणि पदवीधर ठेवाल तर त्याच्या विद्येला पुरेल एवढे काम त्याच्यावर सोपवा. शाळेनेही वर्षातून काही दिवस मुलांना खाणीत, गिरणीत, बँकेत नेऊन काम म्हणजे काय ते दाखवावे. शिक्षण कमी करणे हा यावरचा उपाय नव्हे. कामाची उंची वाढविणे हा आहे.